दुसऱ्या नंबरचा पंखा

ताजनापेठ, अकोला
१० फेब्रुवारी २०२५

आचल बेटीले सत्तारचाचाचा सलाम.

चिठ्ठी पाहून घाबरू नको, कोणी मेलं नाही. मेला तो माहा कॉम्प्युटर, अन् तोही अर्धाच. फोन केला असता, पण माहा उजवा कान भोंग्यानं खाल्ला अन् डावा तुह्या काकूनं, नसीमबानोनं. मागच्या वेळी तू फोनवर 'स्लॅश, स्लॅश' म्हणून राहिली होती अन् मी कागदावर 'लस्सी, लस्सी' लिहून राहिलो होतो. माह्या बटनाच्या फोनातून फोटूही जात नाही. तं कागदच बरा. तुमच्या गल्लीतला गजेंद्र रोज अमरावती-अकोला अप-डाउन करते, त्याच्या डब्याच्या पिशवीत चिठ्ठी टाकून राहिलो. वाचली तं वाचली त्यानं, त्याले काय समजते!

आता ऐक. तीन वर्षांआधी तू माह्या मशीनीत तो लिनक्स टाकून देला, एक मोठी डिस्क बसवली अन् 'कॅसेट' नावाचं फोल्डर करून देलं. म्हणाली होती, चाचा, मशीन सुरू केली की डिस्क आपोआप जोडल्या जाईन. जात होती, झूट काहून बोलू. माह्या रेकॉर्डिंग सेंटरच्या तीस वर्षांच्या कॅसेटी म्या त्यात भरल्या. लग्नं, कव्वाल्या, भाषणं, शंकरपट, सगळं. दिवाळीत एका मिस्त्रीकडून जुन्या मशीनची डिस्कही आत बसवून घेतली, अन् तेव्हापासून 'कॅसेट' उघडलं की सफाचट. तरी म्या काम थांबवलं नाही. उरलेल्या कॅसेटी त्याच फोल्डरात भरून राहिलो.

एवढे दिवस गप्प होतो, पण आता गरज पडली. तुह्या बापानं मागच्या हप्त्यात मूर्तिजापुरात चार लोकांसमोर पुन्हा म्हटलं म्हणे, 'सत्तार खोटारडा हाय.' दोन वर्षांआधी एका लग्नाच्या पंगतीत म्हटलं होतं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तुले सारं माहीतच हाय. त्र्याण्णव सालच्या आमच्या गावच्या शंकरपटात त्याची बैलजोडी धावली अन् दुसरी आली. माईकवर मीच होतो. तो म्हणते पयली आली. मी लहानपणापासून त्याच्या ताटात जेवलो बेटी, भोंदू म्हण, चिंगूस म्हण, पण खोटारडा? त्या पटाची कॅसेट त्या डिस्कात हाय. मले ती काढून दे.

बापाले सांगू नको.

तुहा,
अब्दुल सत्तार


गाडगेनगर, अमरावती
११ फेब्रुवारी

प्रिय सत्तारचाचा,

चिठ्ठी मिळाली. गजेंद्रदादाने ती वांग्याच्या भाजीखाली ठेवली होती, त्यामुळे दुसरा परिच्छेद मी अंदाजाने वाचला. पण दुखणं कळलं, आणि चूक माझीच आहे.

मशीन सुरू होताना एक फाइल वाचतं. तिचं नाव एफएसटॅब. कोणती डिस्क कोणत्या फोल्डरला जोडायची हे त्यात एकेका ओळीत लिहिलेलं असतं. मी तेव्हा आळस केला आणि लिहिलं, 'दुसऱ्या जागेवरची डिस्क कॅसेट फोल्डरला जोड.' तुम्ही आणखी एक डिस्क बसवली, जागा बदलल्या, आणि दुसऱ्या जागेवर आता भलतीच डिस्क येऊन बसली. मशीन तिला जोडायला जातं, जमत नाही, आणि तुम्हाला काही न सांगता पुढे निघून जातं. शंकरपटात जोडीला मालकाच्या नावाने न पुकारता 'ती दुसरी उभी आहे ती' म्हटलं तर जो गोंधळ होईल, तोच हा.

उपाय सोपा आहे. प्रत्येक डिस्कच्या भागाला एक लांबलचक ओळख क्रमांक असतो, त्याला यूयूआयडी म्हणतात. जागा बदलली तरी तो बदलत नाही. सोबतच्या चिटोऱ्यावर इंग्रजीत एक कमांड लिहिली आहे. ती जशीच्या तशी टाइप करा. मोठ्या डिस्कसमोर जो क्रमांक येईल तो मला लिहून पाठवा. एक अक्षरही चुकवू नका चाचा, मी त्यावरून अख्खी ओळ तयार करून पाठवते.

काकूंना नमस्कार.

तुमची,
आचल

ता. क. बाबांना मी सांगितलं नाही, पण त्यांनी ओळखलं. चिठ्ठीला तुमच्या अत्तराचा वास येत होता म्हणे, वांग्यातूनसुद्धा. त्यांनी मला लिहायला लावलं आहे, शब्दही त्यांचेच: "त्याले म्हणा, डिस्क हरवली नाही. पुरावा लपवून राहिला तो."


अकोला
१३ फेब्रुवारी

आचल बेटी,

तुह्या बापाले सांग, पुरावा लपवणारा माणूस पुरावा शोधाले चिठ्ठ्या लिहीत नाही. अन् हेही सांग, की पयल्या नंबराले सायकल होती अन् दुसऱ्या नंबराले टेबलफॅन. तो टेबलफॅन कोणाच्या घरी हाय? माह्या?

आता तुहा नंबर. कमांड मारली. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच दिसत नाही, म्या समजलो कीबोर्ड बिघडला, म्हणून तो उलटा करून झटकला. त्यातून शेवेचे दाणे निघाले. नंतर चाललं.

माह्या अक्षरात एक अन् नऊ सारखेच दिसतात, सात अन् सहाची तीच गत, म्हणून म्या नंबर आकड्यात लिहिला नाही, चेकवर लिहितात तसा अक्षरी लिहिला. पयला तुकडा: चार, ए, सत्तावीस, एफ, शून्य, तीन, बी. मधले तीन तुकडे मागच्या बाजूले. शेवटचा तुकडा: सी, आठ, डी, एकतीस, ई, चाळीस, एफ, बी, एकोणसाठ. तीनदा तपासला. नसीमबानोनं मोठ्यानं वाचला, म्या पाह्यलं. ती म्हणाली, निकाह लावताना एवढी चौकशी केली नव्हती तुमी.

चूक होणं शक्यच नाही.

सत्तारचाचा


अमरावती
१४ फेब्रुवारी

प्रिय चाचा,

वा, अक्षरी लिहिलंत हे उत्तम. पूर्ण ओळ सोबतच्या कागदावर आहे. एफएसटॅब फाइल उघडा, माझी जुनी ओळ खोडा, ही टाका, सेव्ह करा आणि मशीन बंद करून सुरू करा. बस्स.

आज आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा आहे, म्हणून घाईत लिहिते आहे. नाही तर मी स्वतः अकोल्याला आले असते. नाही, आले नसते. बाबांनी सांगून ठेवलंय, "त्याच्या घरी जाशीन तं माह्या पायावरून जा." आणि ते मुद्दाम दाराशी पाय पसरून बसतात.

पंख्याबद्दल विचारलंत म्हणून सांगते. पंखा आमच्याकडेच आहे, माळ्यावर, खोक्यात. बत्तीस वर्षांत एकदाही लावलेला नाही. गावाहून अमरावतीला आलो तेव्हा बाबांनी तो मांडीवर ठेवून आणला, आणि तरी लावला नाही. मागच्या मे महिन्यात छतपंखा जळला, आम्ही दोन दिवस ओले पंचे अंगावर घेऊन बसलो. मी माळ्याकडे नुसतं बघितलं तर म्हणाले, "दुसऱ्या नंबराची हवा घेऊन जगाचं नाही मले."

तुम्हा दोघांचं काय करावं मला कळत नाही.

आचल


अकोला
१७ फेब्रुवारी

काय केलं व पोरी हे?

तुही ओळ टाकली. मशीन बंद केली, सुरू केली. पडद्यावर एक घड्याळ पळू लागलं, एक मिनिट तीस सेकंदांचं. म्या म्हटलं, वा, पट सुटला. दीड मिनिट झालं, अन् काळ्या पडद्यावर अक्षरं आली: इमर्जन्सी मोड. म्या मोठ्यानं वाचलं. नसीमबानोनं 'इमर्जन्सी' तेवढं ऐकलं अन् शेजारच्या डॉक्टरले बोलावून आणलं. तो स्टेथोस्कोप घेऊन आला बिचारा. त्यानं माहंच बीपी मोजलं, अन् ते वाढेल निघालं.

आता ते यंत्र मले रूटचा पासवर्ड मागून राहिलं. तीस वर्षं एस्टीनं लाऊडस्पीकर घेऊन फिरलो, रूटले पासवर्ड असते हे आज समजलं. कोणता रूट? दर्यापूर की पातूर?

म्या चष्मा लावून तुही ओळ अन् माह्या चिठ्ठीची नक्कल बाजूबाजूनं ठेवली. अन् सापडलं! शेवटी म्या काय लिहिलं होतं? एकोणसाठ. तू काय धाडलं? सहा अन् नऊ! एकोणसत्तर! किसनरावची पोरगी, मराठी घरात जन्मली, कॉलेजात पोरं शिकवते, अन् तिले एकोणसाठ समजत नाही? शरम कर बेटी. मी उर्दू शाळेत शिकलो. आमी उनसठ म्हणत होतो. तरी मराठी लिहाले, मराठी आकडे बोलाले शिकलो. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बसून तुह्याच बापानं शिकवलं मले, एस्टीच्या पाट्या वाचून वाचून. त्यानंतर म्या तीस वर्षं माईकवर हजारो आकडे बोललो. लग्नाचे आहेर बोललो, पटाचे पॉईंट बोललो. एक आकडा चुकला नाही. एक!

मशीन तशीच ठेवली हाय. हात लावाची हिंमत नाही.

सत्तारचाचा


अमरावती
१८ फेब्रुवारी

चाचा, पाया पडते, माफ करा.

खरं सांगू? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठीत वीसपर्यंत बिनधास्त, तीसपर्यंत चाचपडत. 'एकोणसाठ' वाचलं तेव्हा वाटलं, यात साठ आहे आणि नऊसुद्धा आहे, म्हणजे सहा आणि नऊ. आणि कोणाला विचारायची लाज वाटली. दुकानात भाजीवाली 'एकोणचाळीस' म्हणते तेव्हा मी सरळ पन्नासची नोट देते. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसरी चूकही माझीच. त्या ओळीत 'नोफेल' हा शब्द टाकायला विसरले. तो असला की डिस्क सापडली नाही तरी मशीन अडून बसत नाही. जुन्या ओळीत तो होता, म्हणूनच एवढे दिवस मशीन गुपचूप चालू होतं.

घाबरू नका, काहीही गेलेलं नाही. रूट म्हणजे मशीनचा मूळ मालक, एस्टीचा नाही. त्याचा पासवर्ड मी ठेवला होता: तुमच्या नातीचं नाव, अमरीन, इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान. तो टाका, फाइल उघडा, ६९ च्या जागी ५९ करा, 'नोफेल' टाका, सेव्ह करा. मग लगेच मशीन बंद करू नका. आधी चिटोऱ्यावरची 'माउंट' कमांड मारा. ती एफएसटॅबमधल्या सगळ्या डिस्क तिथल्या तिथे जोडून बघते. तिने तक्रार केली नाही तरच मशीन पुन्हा सुरू करा. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.

बाबांना तुमची चिठ्ठी वाचून दाखवली. एकोणसाठवर आले आणि हसून हसून त्यांना खोकला लागला. पाणी दिलं. मग म्हणाले, "त्याले आकडे म्याच शिकवले, हे लिहिलं का त्यानं? बरं झालं लिहिलं." दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुमच्याबद्दल शिवी न देता वाक्य पूर्ण केलं.

आचल


अकोला
२० फेब्रुवारी

आचल बेटी, जीती रहो!

डिस्क आली! मशीन बंद केली, सुरू केली, पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली. दोन्ही वेळा आपोआप जोडल्या गेली. 'कॅसेट' उघडलं अन् माहा अख्खा जमाना समोर. नसीमबानोनं माह्यासाठी गाजरहलवा केला, म्हणजे तुह्यासाठी केला, पण तू नव्हती.

अन् पटाची बक्षीस-समारंभाची कॅसेट भेटली. आता कागदावरून ऐकव तुह्या बापाले. माहाच आवाज, खणखणीत: "पयला नंबर, नत्थुजीची जोडी, आठ सेकंद चौसष्ट पॉईंट! दुसरा नंबर, किसनरावची जोडी, आठ सेकंद एकोणसत्तर पॉईंट!" कमी वेळ तो पयला. चौसष्ट पयला, एकोणसत्तर दुसरा. संपलं. आता त्याच मूर्तिजापुरात, त्याच चार लोकांसमोर त्याले म्हणावं लागते, की सत्तार खरा.

पण बेटी, एक घोळ झाला. जुनं सारं आलं अन् नवं सारं गेलं. दिवाळीपासून त्याच फोल्डरात भरलेल्या चौदा कॅसेटी गायब! मागच्या हप्त्यात होत्या, म्या माह्या डोळ्यानं पाह्यल्या, अन् आज नाहीत. त्यात त्याच पटाची दुसरी कॅसेट होती, धावण्याची. ती म्या ऐकलीही नव्हती. भरताना बटन दाबून मी नमाजले गेलो. वापस आलो तं भरली होती, पण प्लेअरनं आखरीले पट्टी खाऊन टाकली. आता ती कॅसेट नाही, फक्त फाइल. तीही गेली.

ती वापस आण. बाकीच्या तेरा नाही आल्या तरी चालते.

सत्तारचाचा


अमरावती
२१ फेब्रुवारी

प्रिय चाचा,

काही गेलेलं नाही. तुमच्या पहिल्याच चिठ्ठीत हे लिहिलं होतं, 'त्याच फोल्डरात भरून राहिलो.' ते मी वांग्याच्या रश्शातून नीट वाचलं नाही.

'कॅसेट' हे फोल्डर म्हणजे नुसती जमीन. डिस्क जोडली की तिच्यावर सतरंजी अंथरली जाते, आणि तुम्हाला सतरंजीवरचं दिसतं. दिवाळीपासून सतरंजी नव्हती, तुम्ही चौदा कॅसेटी थेट जमिनीवर ठेवल्या. आता सतरंजी पडली, कॅसेटी खाली झाकल्या गेल्या. तिथेच आहेत.

सतरंजी उचलायची, म्हणजे डिस्क तात्पुरती सोडवायची. कमांड चिटोऱ्यावर आहे. मग फोल्डर उघडलं की चौदाच्या चौदा दिसतील. त्या दुसऱ्या फोल्डरात हलवा, डिस्क पुन्हा जोडा, आणि मग सावकाश तिच्यात टाका. काहीही मिटवू नका.

तुमची विजयवार्ता बाबांना वाचून दाखवली. मला वाटलं भडकतील. शांतपणे म्हणाले, "बक्षिसाच्या वेळी काय म्हटलं ते मीही ऐकलं होतं. मी तवा बहिरा नव्हतो. त्याले म्हणा, धावण्याची कॅसेट ऐक. माही जोडी दोरी तोडून गेली तवा घड्याळवाला शेषराव काय ओरडला, ते ऐक. मग सांग."

चाचा, एक विचारू? बाबा ते सांगताना खोटं बोलणाऱ्या माणसासारखे दिसत नव्हते. आणि तुम्हीही तसे नाही. मग खरं कोणाचं?

आचल


अमरावती
२० मार्च

प्रिय सत्तारचाचा,

महिना होत आला, तुमची एक ओळ नाही. गजेंद्रदादा म्हणतो, तुम्ही दुकानात असता, त्याला बघून मान खाली घालता आणि वायरी गुंडाळायला लागता. रमजान आहे, रोजे असतील, हे समजतं. पण मशीनचं काय झालं? कॅसेटी सापडल्या का? मी काही चुकीचं सांगितलं का पुन्हा?

घरची गंमत सांगते. बाबा रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहतात. गजेंद्रदादा आला की त्याच्या पिशवीकडे बघून विचारतात, "आज काय भाजी होती?" तो सांगतो, भेंडी. हे म्हणतात, "अन् काही?" तो म्हणतो, पोळ्या. मग आत येऊन चिडचिड करतात. काल मला म्हणाले, "म्हातारा बिमार तं नाही? विचारजो. माहं नाव घेऊ नको."

म्हणून नाव घेत नाही. पण विचारते आहे.

आचल


अकोला
२८ मार्च, शुक्रवार

किसनराव,

ही चिठ्ठी आचलसाठी नाही, तुह्यासाठी हाय. तिनं वाचून दाखवली तरी चालते, माही बेइज्जती माह्याच अक्षरात हाय.

पोरीनं सांगितलं तशी डिस्क सोडवली. चौदा कॅसेटी तिथंच होत्या. धावण्याची लावली. हेडफोन लावून, डावा कान दाबून ऐकली. तुही जोडी सुटली. हरण्या अन् ढवळ्या. लोकांचा गलका. मग शेषराव ओरडला, साफ ऐकू येते: "आठ सेकंद एकोणसाठ!" त्याच्या लगोलग माहा आवाज हाय, हळू, लिहिता लिहिता पुटपुटलो तो: "आठ... उनसठ."

समजलं तुले? म्या बरोबर ऐकलं. बरोबर लिहिलं. चिठ्ठीवर उर्दूत उनसठ मांडलं. दोन घंट्यांनी मंडपात ती चिठ्ठी हातात घेतली, माईक तोंडाशी धरला, अन् उनसठचं मराठी करताना माह्या तोंडून एकोणसत्तर निघालं. पंचांनी माह्याच बोलण्यावर बक्षिसं वाटली. शेषराव तं धाव संपताच गावाले निघून गेला होता. तू खालून ओरडून राहिला होता, 'चुकलं, चुकलं', ते टेपात हाय. अन् म्या काय केलं तेही टेपात हाय. म्या भोंग्याचा आवाज वाढवला.

आठ सेकंद एकोणसाठ. तू पयला होता किसन. पाच पॉईंटनं.

एक महिना झोप नाही. एकदा फाइलीवर गेलो, मिटवाचं बटन दाबलं. मशीननं विचारलं, खरंच मिटवायची का? ते यंत्र मले विचारून राहिलं. म्हटलं, कोणाले समजते? कॅसेट तं प्लेअरनं खाल्लीच हाय. मग 'नाही' दाबलं. तुह्या पोरीले एका एकोणसाठसाठी म्या शरम कर म्हटलं. त्या दिवसापासून आरशात पाहवत नाही.

खोटारडा मी नाही, एवढं मान. पण चुकलो, अन् बत्तीस वर्षं छातीठोकपणे चुकलो. मले माफ कर.

पयल्या नंबराची सायकल म्या काल घेऊन ठेवली हाय, निळी, घंटीवाली. ती घेऊन जा, अन् तो पंखा वापस आणून दे.

अब्दुल सत्तार


अमरावती
२९ मार्च, शनिवार

सत्त्या,

तुही चिठ्ठी आचलनं वाचून दाखवाले घेतली अन् अर्ध्यातच रडू लागली, म्हणून बाकीची म्या स्वतः वाचली. दोनदा वाचली. मग अंगणात जाऊन उभा राहिलो. हरण्याची आठवण आली. लई मोठ्या मनाचा बैल होता. त्याले पयला नंबर आला हे माहीत होतं, म्हणून त्यानं कधी तोंड पाडलं नाही. तोंड पाडून मीच बसलो.

म्या ठरवलं होतं, ज्या दिवशी सत्त्या कबूल होईन त्या दिवशी त्याले अशा शिव्या घालीन की अकोल्यापर्यंत ऐकू जाईन. बत्तीस वर्षं पाठ करून ठेवल्या होत्या. आज एकही आठवून नाही राहिली.

आता माही ऐक. ही गोष्ट म्या आजवर कोणाले सांगितली नाही, माह्या बायकोलेही नाही. तुले मराठी आकडे कोणं शिकवले? म्या. मूर्तिजापूरच्या स्टँडवर, भुईमुगाचे फल्लीदाणे खात. तू विचारत होता, उनसठले काय म्हणते, उनहत्तरले काय म्हणते, अन् मी मास्तरवानी सांगत होतो. अन् मी कोण? चौथीत याच एकोणवाल्या आकड्यांत दोनदा नापास झालेला. एकोणसाठ अन् एकोणसत्तर मले आजही बोटांवर मोजल्याशिवाय समजत नाही. तुले म्या तवा उलटंच शिकवलं असीन. म्हणजे पाह्य बरं, माही जोडी माह्याच शिकवणीनं हरली. पोरीलेही तेच आलं, शाळेचं नाव उगीच बदनाम.

तं माफी कोणी कोणाले मागाची, हे मले समजून नाही राहिलं. तू मागितली, आता मी मागतो. बराबर झालं. मूर्तिजापुरातल्या त्या चार लोकांले मी स्वतः जाऊन सांगतो, की सत्तार खोटारडा नाही, गणितात कच्चा हाय, अन् त्याचा मास्तर त्याहून कच्चा.

चांद दिसला तं सोमवारी, नाही तं मंगळवारी, ईदले मी अन् आचल येऊन राहिलो. नसीमभाभीले म्हणा, शीरखुर्म्यात खारका जास्त टाकजो. अन् तुहा तो मोठा भोंगा माळ्यावरून काढून, पुसून, वायर लावून ठेव. मले तुह्या तोंडून पुन्हा ऐकाचं हाय. पयला नंबर, किसनरावची जोडी, आठ सेकंद एकोणसाठ पॉईंट. पूर्ण ताजनापेठेले ऐकू गेलं पायजे. आकडा आचल कागदावर लिहून आणते, पाच अन् नऊ, म्हणजे पुन्हा घोळ नको. अन् मधात मी 'चुकलं' म्हणून ओरडलो तं या वेळी आवाज वाढवू नको.

सायकल चांगली केली. माहे गुडघे तं गेले, आचल चालवीन ती.

पंखा मात्र आणत नाही. आज सकाळीच माळ्यावरून काढला, धूळ पुसली अन् लावला. लई खडखड करते, पार तुह्यासारखा. पण हवा देते लेका. आता तो मले लागते.

तुहा,
किसन